पिन बसली म्हणजे जमलं असं नाही : सायकलचा दिवा, बॅटरी आणि चार्जर

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञान संपलं का?" संपलेलं नाही. पण सत्तरी ओलांडल्यावर मी पुन्हा सायकल चालवायला लागलो, पहाटे पाचला घराबाहेर पडतो, आणि त्या वेळी रस्त्यावर अंधार असतो. दिवा हवाच. माझ्या लहानपणी पुण्यात सायकलला दिवा नसेल तर पोलीस अडवायचे. रॉकेलचे दिवे होते, मग डायनॅमो आला. डायनॅमो जड चाले, चढावर जीव काढायचा, पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे: तो कधी कुणाच्या स्वयंपाकघरात पेटला नाही. आताचा दिवा उजेड दसपट देतो, आणि आपण तो रात्री घरात आणून भिंतीतल्या विजेला जोडतो. आजचं बोलणं या जोडण्याबद्दल आहे.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

माझ्याकडे एक दिवा होता. दिवा हँडलवर आणि त्याची बॅटरी वेगळी, कापडी पिशवीत घालून दांडीला बांधायची. आत चार सेल. स्वस्तात मिळाला होता, उजेड भरपूर. त्याचा चार्जर मी मुलीकडे विसरून आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तर जायचं होतं. टेबलाच्या खणात जुन्या वायफाय राऊटरचा अॅडॉप्टर पडलेला होता. तीच गोल पिन. घालून पाहिली, अगदी चपखल बसली. मनात म्हटलं, बसली म्हणजे त्याचीच आहे. लावली आणि वाचत बसलो.

दीड तासाने पत्नीने आतून विचारलं, "अहो, हा कसला गोडसर वास येतोय?" जाऊन पाहतो तर बॅटरीला हात लावता येईना. बाहेरचं प्लॅस्टिक सैल पडलेलं, एका कडेला ओलसर डाग. मी घाबरून ती सांडशीने उचलली आणि मागच्या अंगणात फरशीवर नेऊन ठेवली. ते उचलणंही चूकच होतं, त्याबद्दल पुढे बोलू. ती पेटली नाही. पेटली असती तर त्या टेबलाच्या वर पडदा होता आणि पलीकडच्या खोलीत नातू झोपलेला होता.

नंतर अॅडॉप्टर चष्मा लावून वाचला. त्यावर 'आउटपुट १२ व्होल्ट' असं स्वच्छ लिहिलं होतं. माझ्या बॅटरीला हवे होते ८.४.

आता न्यायदर्शनाची थोडी उजळणी, कारण माझी चूक नेमकी त्यांच्या भाषेतली आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान आपण सगळे शिकलो. ते टिकतं ते व्याप्तीवर. म्हणजे जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध कधीच चुकत नाही यावर. मी व्याप्ती धरली होती की जिथे पिन बसते तिथे तो चार्जर योग्य असतो. भिंतीतल्या प्लगबाबत ही व्याप्ती बहुतेक टिकते. गोल पिनेबाबत अजिबात टिकत नाही. तीच पिन राऊटरला, सीसीटीव्हीला, टेबललॅम्पला आणि सायकलच्या दिव्यालाही असते, आणि प्रत्येकाचे व्होल्ट वेगळे. नैयायिक याला व्यभिचारी हेतू म्हणतात. (हशा) शब्द शास्त्रातला आहे, माझा नाही.

मग योग्य काय, ते कसं ओळखायचं? थोडं आत जावं लागेल.

लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टवर असतो. हा ४.२चा आकडा पाठ करा. तुमच्या दिव्यात एक सेल असेल किंवा सगळे सेल शेजारीशेजारी समांतर जोडलेले असतील, तर चार्जर ४.२चा. दोन एकापुढे एक असतील तर ८.४. तीन असतील तर १२.६. माझ्या बॅटरीत दोन-दोनच्या जोड्या एकापुढे एक होत्या, म्हणून ८.४. त्यावर मी १२ लादले, म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्याला सहा यायला निघाले. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'आउटपुट' असतं ते आणि बॅटरीवरचा आकडा जुळतो का, हे पाहायला दहा सेकंद लागतात. मला दीड तास होता.

व्होल्ट थोडे जास्त झाले तर इतकं काय बिघडतं? हे सेल भरण्याची रीत माठ भरण्यासारखी आहे. सुरुवातीला नळ पूर्ण सोडला तरी चालतो. पाणी गळ्यापाशी आलं की धार बारीक करायची आणि काठोकाठ झालं की बंद. लिथियमचा चार्जर हेच करतो: आधी ठरावीक प्रवाह देतो, ४.२ व्होल्ट गाठले की तिथेच धरून ठेवतो, प्रवाह आपोआप कमी होत जातो, आणि अगदी क्षीण झाला की चार्जर थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं. माठ ओसंडला तर फरशी ओली होते. लिथियमचा सेल ओसंडला की आतल्या रसायनांची मांडणी मोडते, उष्णता निघते, उष्णतेने मोडणं आणखी वाढतं, त्याने आणखी उष्णता. एका मर्यादेनंतर चार्जर काढला तरी हे चक्र थांबत नाही. आतला द्रव पाण्याचा नसतो, तो जळणारा असतो. मला आलेला गोडसर वास त्याचा होता.

राऊटरचा अॅडॉप्टर हा मुळात चार्जर नाहीच. तो फक्त वीजपुरवठा करतो. कुठे थांबायचं हे त्याला माहीत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. मोबाइलला आपण ज्याला चार्जर म्हणतो तोही खरं तर अॅडॉप्टरच. खरा चार्जर मोबाइलच्या आत असतो. म्हणून ज्या दिव्याला यूएसबीचं भोक असतं त्याच्या आत स्वतःचा चार्जर असतो, आणि तो चांगला की वाईट हे दिवा बनवणाऱ्यावर अवलंबून.

माझी बॅटरी नंतर ओळखीच्या एका कारागिराने उघडून दाखवली. (तुम्ही घरी उघडू नका.) चांगल्या बॅटरीत सेलच्या टोकाशी एक छोटी पट्टी असते, संरक्षक सर्किट. व्होल्ट फार चढले, फार उतरले किंवा टोकं एकमेकांना भिडली की ती वाट तोडते. माझ्या बॅटरीत ती नव्हतीच. तारा थेट सेलला डाख दिलेल्या होत्या. तेव्हा चूक माझी, पण ती झेलायला आत कुणी नव्हतं. याचा अर्थ असा करू नका की पट्टी असेल तर कुठलाही चार्जर चालेल. सायकलचं हेल्मेट असतं म्हणून आपण झाडावर जाऊन आपटत नाही.

आता खरेदीकडे वळू. सुटे लिथियम सेल घ्यायचे तर सायकलच्या दिव्यांत सर्वांत जास्त चालणारा आकार १८६५०. हा कंपनीचा नंबर नाही, ते माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे दंडगोल. संरक्षक पट्टी लावलेला सेल काही मिलिमीटर लांब भरतो, म्हणून काही दिव्यांत तो बसत नाही. घेण्यापूर्वी दिव्याची माहितीपत्रिका वाचा.

सेलवर क्षमता लिहिलेली असते, एमएएचमध्ये. इथे आपण न्यायदर्शनाच्या शब्दप्रमाणापाशी येतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान ते प्रमाण मानतात, पण एका अटीवर: सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. सेलवरचं लेबल हा कुणाचा तरी शब्द आहे. कुणाचा?

मी ऑनलाइन दोन सेल मागवले होते, त्यांवर ९९०० एमएएच असं लिहिलेलं. आता पाहा, १८६५० आकारात जगातल्या नामवंत कारखान्यांचे नेहमीच्या वापरातले सेल २००० ते ३५००च्या दरम्यान असतात. तेवढ्या नळकांड्यात ९९०० मावणं आजच्या रसायनाला शक्य नाही. तेव्हा हा शब्द आप्ताचा नाही हे लेबल वाचतानाच कळायला हवं होतं. मोठा आकडा पाहून मला आनंद झाला होता! लोभ प्रमाणशास्त्राच्या आड येतो, तो असा.

लेबल खोटं बोललं तरी वजन बोलत नाही. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. माझे दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले: एकतीस आणि बत्तीस. अशा सेलच्या नळीत कधी छोटासा सेल आणि बाकी कसलीतरी भुकटी भरलेली सापडते. कधी जुन्या लॅपटॉपमधले वापरून झालेले सेल नवं रंगीत आवरण चढवून विकतात. त्यांचं वजन बरोबर भरेल, म्हणून वजन ही पहिली चाळणी आहे, शेवटची नाही. वजन कमी म्हणजे सेल नक्की वाईट; वजन बरोबर म्हणजे तो चांगला, असं उलटं म्हणता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक साधन आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेल-बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६. त्याचा पहिला भाग निकेलच्या सेलसाठी, दुसरा लिथियमसाठी. त्यासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. छापणं सोपं आहे, म्हणून तिथे थांबू नका. 'बीआयएस केअर' नावाचं अॅप आहे, त्यात तो क्रमांक टाका. कुठल्या उत्पादकाला, कुठल्या वस्तूसाठी दिला ते दिसतं. क्रमांक टॉर्चच्या सेलवर आणि नोंद भलत्याच वस्तूची, असं निघालं तर उत्तर मिळालं. मोबाइल अॅडॉप्टरचाही क्रमांक असाच तपासता येतो.

इतकं सगळं करायचा कंटाळा येत असेल तर, आणि खरं सांगायचं तर माझाही बहुतेकांना हाच सल्ला असतो, सुट्या लिथियम सेलच्या वाटेला जाऊ नका. दोन सरळ वाटा आहेत. एक, नावाजलेल्या उत्पादकाचा बंद दिवा, आतच बॅटरी, यूएसबीने चार्ज होणारा. दोन, पेन्सिल सेलवर चालणारा दिवा आणि त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल.

निकेलची बाजू आजकाल कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. हा सेल १.२ व्होल्टचा, त्याच्या आतला द्रव पाण्यातला, म्हणून लिथियमसारखा भडकत नाही. गैरवापर केला तर तापतो, गळतो, पण घर पेटवण्याची त्याची ताकद फार कमी. पूर्वी त्याची खोड अशी होती की महिनाभर ठेवला तर रिकामा. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप आणला आणि ती खोड गेली. तशा प्रकारचे सेल आता इतरही करतात, वर्षभर ठेवले तरी बराचसा चार्ज टिकतो. २००० एमएएचचे चार सेल घेतले तर साधारण साडेनऊ वॉट-तास ऊर्जा होते. तीन वॉटचा दिवा त्यावर तीन तास चालायला हरकत नाही. पहाटेच्या फेरीला आणखी काय हवं? उजेडाच्या आकड्यांची स्पर्धा चालली आहे, ती समोरच्याचे डोळे दिपवण्यापलीकडे शहरात फारशा कामाची नाही, असं माझं मत.

निकेललाही चार्जर मात्र त्याचाच हवा. निकेलचा सेल भरला की त्याचे व्होल्ट किंचित खाली येतात आणि चांगला चार्जर ती उतरण ओळखून थांबतो. स्वस्त चार्जर फक्त घड्याळ लावून बसतात. सेल भरला असो वा नसो, इतके तास म्हणजे इतके तास. अगदी स्वस्तातले तेही करत नाहीत. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला, प्रत्येकावर स्वतंत्र नजर ठेवणारा चार्जर घ्या. तो सेलपेक्षा महाग पडतो. पडू द्या, सेल तीन-चार वर्षांनी बदलाल, चार्जर दहा वर्षं राहील. आणि एका दिव्यात एकत्र जन्मलेले सेलच ठेवा. नवा आणि जुना एकापुढे एक लावला की जुना आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलट्या दिशेने ओढत नेतात.

इथेही 'बसतं म्हणजे चालतं' हा सापळा आहेच. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल: १४ मिलिमीटर जाड, ५० लांब. पण ३.७ व्होल्टचा. तो चुकून निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर पुढचं सांगायला नको. लिथियमच्याच कुळात लोह-फॉस्फेटचा सेल आहे, स्वभावाने बराच शांत, तो ३.२ व्होल्टचा आणि त्याची वरची हद्द ३.६५. तो ४.२च्या चार्जरमध्ये घालायचा नाही. एकदाच वापरायचे अल्कलाइन सेल कुठल्याच चार्जरमध्ये नाहीत. माझ्या घरी आता निकेलच्या सेलना हिरवी पट्टी आणि लिथियमचे वेगळ्या डब्यात, कारण सकाळी पाच वाजता माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.

चार्ज कुठे आणि कधी करायचं? फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर, गॅसच्या शेगडीपासून लांब. गादीवर, सोफ्यावर, कपड्यांच्या ढिगावर नाही. एक गोष्ट लोक विसरतात: घराच्या दाराशी नाही. सायकल दाराशी असते म्हणून बॅटरीही तिथेच लावतात, आणि काही झालं तर बाहेर पडायची वाटच अडते. आपण जागे असताना, घरात असताना. सेल बोटाला कोमट लागला तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर बंद. फेरीवरून आल्या-आल्या तापलेला दिवा लगेच लावू नका. बहुतेक लिथियम सेल ० ते ४५ अंशांमध्येच चार्ज करायचे असतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ही वरची हद्द सावलीतच गाठली जाते, तेव्हा रात्री जेवणानंतर लावा. खालची हद्द आपल्याला कुठे भेटणार, असं वाटेल. पण आपली मुलं हल्ली मनाली ते लेह सायकलने जातात. तिथल्या गोठणाऱ्या रात्री दिवा वापरला तर चालेल, चार्ज करायचा नाही. थंडीत लिथियम आत मुरत नाही, धातू होऊन पृष्ठभागावर साचतं, आणि असा सेल बाहेरून ठणठणीत दिसतो. पावसाळ्यात यूएसबीचं भोक कोरडं झाल्याशिवाय वायर लावायची नाही. त्यावरचं रबरी झाकण गेलं असेल तर दिवा कितीही चांगला असो, त्याचे दिवस भरले.

सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, खाली द्यायच्या सामानात नाही. आवरण फाटलेला, पोचा आलेला, वास येणारा सेल पुन्हा वापरायचा नाही. तो घंटागाडीत टाकू नका, गाडीत तो चेंगरतो आणि पेटतो. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला विचारायला संकोच नको.

आणि ती सांडशी. चार्ज होताना सेल तापून वास यायला लागला तर पहिलं काम भिंतीतलं बटण बंद करणं, शक्य असेल तर मेन स्विच. धूर किंवा फुसफुस आवाज सुरू झाला असेल तर उचलायला जाऊ नका. तो उचलणाऱ्याच्या हातात फुटतो. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ फिरवा. तो धूर विषारी असतो. अगदी छोटा सेल असेल, वीज तोडलेली असेल आणि सुरक्षित अंतर असेल, तर भरपूर पाणी ओतलेलं चालतं. लिथियमवर पाणी नको, असं ऐकलेलं असतं, पण ते शुद्ध धातूबद्दल. या सेलना थंड करायला पाणीच लागतं.

प्रश्न घेऊ या.

पहिला प्रश्न असा आहे, की मोबाइलचा ६५ वॉटचा फास्ट चार्जर यूएसबीच्या दिव्याला लावला तर दिवा जळेल का? नियमाप्रमाणे बनवलेला असेल तर नाही. असा चार्जर सुरुवातीला पाचच व्होल्ट देतो. जास्त हवे असतील तर उपकरणाला मागावे लागतात. दिवा मागत नाही, म्हणून मिळत नाहीत. उलट तक्रार जास्त येते, की दोन्ही टोकांना सी पिन असलेली वायर लावली तर दिवा चार्जच होत नाही. स्वस्त दिव्यांत त्या भोकाशी दोन छोटे रेझिस्टर हवेत ते घातलेले नसतात, त्यामुळे चार्जरला कुणी आलंय हेच कळत नाही. त्याला जुन्या चपट्या पिनेची वायर आणि साधा अॅडॉप्टर लावा.

दुसरा प्रश्न, त्या राऊटरच्या अॅडॉप्टरचं पुढे काय केलंत? आहे. राऊटर चालूच आहे आमचा, जुना बंद पडला की तो लागेल. त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर मी लिहिलं, '१२ व्होल्ट, फक्त राऊटरसाठी'. खाली पत्नीच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'ह्यांना देऊ नये.'